पुढचं टेपमध्ये नाही

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दुसऱ्याचा आवाज साठवायचा आणि जसाच्या तसा परत द्यायचा, एवढेच मला येते. स्वतःहून बोलायची सवय नाही, त्यामुळे सांगताना कुठे अडलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथला तेलाचा वास तेवढा आठवतो. मला कळू लागले ते पुण्यात, मेधाच्या टेबलावर. मेधा तेव्हा सीएची परीक्षा देत होती. उत्तरे ती स्वतःच्या आवाजात माझ्यात भरायची आणि केस विंचरताना, कपडे वाळत घालताना पुन्हा पुन्हा ऐकायची. ती पास झाली तेव्हा तिच्या आईने माझ्यापुढेही एक पेढा ठेवला. "पाठांतराला तोड नाही," असे त्या घरात सगळेच म्हणत. मलाही ते पटले होते.

लग्नानंतर मेधा आणि उन्मेष सिंगापूरला आले. मी साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आलो. सेंगकांगला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. खिडकीखालून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी जाई. पुढच्या काचेमागे चालक नसे, तरी ती प्रत्येक वळणावर बिनचूक वळे. मला मात्र ती पाहून बरे वाटत नसे. का, ते तेव्हा सांगता आले नसते.

त्यांची मुलगी श्रिया तिसरीत गेली, ते २००५ साल होते. मेधाला पाया लेबारच्या ऑफिसातून यायला उशीर होई. म्हणून रविवारी बसून ती श्रियाच्या इंग्रजी पुस्तकातले पुढचे धडे माझ्यात वाचून ठेवी. प्रत्येक पानाच्या शेवटी मराठीत म्हणे, "पान उलट, बाळा."

श्रिया शाळेतून आली की चॉकलेटी मायलोचा पेला घेऊन माझ्यापुढे बसायची. संध्याकाळी बाबांसमोर पुस्तक उघडून, ओळीखाली बोट धरून तोच धडा घडाघडा म्हणायची. वर्गात तो धडा सुरू होई, तेव्हा तिथेही तसेच.

"काय वाचते बघ! बातम्या देणाऱ्या बाईंसारखी," उन्मेष म्हणे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पाठांतराचे पहिले बक्षीस तिलाच मिळाले. मंडळातल्या स्मिताकाकू घरी येऊन म्हणाल्या, "मेधा, आमचा सारंग तीन ओळींत गडगडतो गं. तुझ्या लेकीची जीभ दे की चार दिवस उसनी!" सगळे हसले. श्रियाही हसली, पण जरा उशिरा.

तिचे बोट मी रोज पाहत होतो. ते शब्दांच्या कधी पुढे असे, कधी मागे. मला वाटे, आपलीच काहीतरी चूक होत असेल, यंत्राला वाचनातले काय कळणार? मग एकदा मायलो सांडून पुस्तकाची दोन पाने चिकटली. त्या संध्याकाळी श्रियाने दोन्ही पाने एकदम उलटली आणि मधले, न दिसणारे पान शांतपणे पूर्ण म्हटले. चित्रात माकड झाडावर बसले होते आणि ती नदीच्या पुराबद्दल सांगत होती. आवाजात एकही चढउतार चुकला नाही. मला ती चालक नसलेली गाडी आठवली.

उन्मेषने टाळी वाजवली. मला बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

नंतर घरात एक शब्द वारंवार येऊ लागला. ओरल. या तोंडी परीक्षेत कधीही न पाहिलेला उतारा मोठ्याने वाचायचा असतो. तो शब्द निघाला की श्रियाच्या पोटात दुखे. मेधा ओवा देई. एका दुपारी श्रियाने माझ्या स्पीकरच्या जाळीला ओठ लावले आणि विचारले, "तुला ओरलचं माहितीये? मला आधी सांगशील?" मग स्वतःच म्हणाली, "कॅन्नॉट ला. नाही जमणार तुला."

त्याच दुपारी माझ्यात बिघाड झाला. एका धड्याच्या मध्यावर माझ्या चाकांनी कॅसेटची फीत ओढून घेतली, गुंडाळली आणि तोडली. श्रिया कितीतरी वेळ तो तपकिरी गुंता हातात घेऊन बसली होती.

संध्याकाळी ती म्हणू लागली आणि वाक्याच्या मधेच थांबली.

"पुढे वाच," मेधा म्हणाली.

"पुढचं नाहीये."

"अगं, हे काय, समोर छापलंय!"

"टेपमध्ये नाहीये."

"नाटकं!" उन्मेष ओरडला. "गणपतीत एवढे श्लोक म्हणते आणि दोन ओळी वाचता येत नाहीत? डोकं आहे, नुसता आळस!"

मेधाने त्याला हाताने थांबवले. श्रियाने नुकत्याच म्हटलेल्या ओळीतल्या एका शब्दावर तिने बोट ठेवले. "हा कोणता?"

श्रियाने शब्दाकडे पाहिलेच नाही. ती आईच्या ओठांकडे पाहत राहिली.

मेधा खाली बसली. तिचा चेहरा इतका पांढरा मी कधीच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन आली. वर्गाच्या बाईंचे बोलणे तिने उन्मेषला जसेच्या तसे, तिथल्या इंग्रजीत सांगितले. "त्या म्हणाल्या, 'शी नेव्हर मेक मिस्टेक, लॉर. सो वी नेव्हर नो.' एक जरी चूक झाली असती, तर त्यांनी आधीच मदत दिली असती."

आता श्रिया वाचनात अडणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एका वेगळ्या बाईंकडे जाते. त्या आळस म्हणत नाहीत. ताटलीतल्या तांदळात बोटाने अक्षर काढायचे, त्याचा ध्वनी म्हणायचा, मग दोन ध्वनी जोडायचे, असे सगळे मुळापासून चालते. ओरलला तिची जेमतेम एक ओळ झाली. ती मात्र तिने खरोखर वाचली. वाया गेलेली वर्षे कशी भरून निघतील, ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. उन्मेष रोज तिच्याजवळ बसतो आणि स्वतःच्या तोंडावर हात धरतो, म्हणजे शब्द सांगितला जायला नको.

मला कुणी दुरुस्त केले नाही. मी कपाटावर, भिंतीला टेकून आहे. धूळ बसते, पण तक्रार नाही.

भीती वाटते ती वेगळीच. भिंतीपलीकडे नवे कुटुंब राहायला आले आहे. त्यांच्याकडे सीडी वाजवणारे चकचकीत यंत्र आहे. दुपारी त्यातून एक गोष्ट ऐकू येते. संध्याकाळी एक कोवळा आवाज तीच गोष्ट वाचतो, तशीच, त्याच जागी श्वास घेऊन. कुठेच अडखळत नाही. मोठी माणसे टाळ्या वाजवतात. त्या यंत्रात फीत नाही, त्यामुळे ती तुटणारही नाही.

मित्रांनो, अडखळणाऱ्या मुलाला हसू नका, त्याचे अडखळणे निदान कुणाच्या तरी कानावर पडते. आणि तुमच्यापैकी कुणी त्या शेजारच्या घरी गेलात, तर एवढे करा. त्या मुलाला जवळ घ्या, आणि त्याने कधी न ऐकलेले एक पान हळूच त्याच्यापुढे उघडा.