विरंगुळ्याचं तण

"लव्हाळा उपटायचा नाही, खणायचा," मामा सांगत होते. "वरून उपटला तर त्याला वाटतं, हजामत झाली. खाली गाठ राहते. पुढच्या वेळी तो चार भाऊ घेऊन येतो."

बागकामाच्या वर्गाला आलेल्या सात बायकांनी 'चार भाऊ' वहीत लिहून घेतलं.

मामा इस्पितळाचे माळी. सख्खे भाचे शून्य, तरी डॉक्टरांपासून सगळे मामाच म्हणत. दारासमोरचा गुलाबाचा वाफा त्यांनी तणनाशकाचा थेंबही न मारता स्वच्छ ठेवला होता. ओला पुठ्ठा अंथरायचा, त्यावर पालापाचोळा, फरशीच्या फटींत उकळतं पाणी आणि बाकी खुरपं. गेली काही वर्षं तर तण त्यांच्या हाताला नुसतं सुटून येई. दर गुरुवारी गुडघा शेकायला गेले तरी ते डॉक्टरांना तणाबद्दलच सांगत. डॉक्टरांना पळायला जागा नसे.

"मामा, या गुलाबाची पानं सुतळीसारखी का झालीत?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"रोग असेल काहीतरी."

"तणनाशक उडालं की अशी होतात. आमच्याकडे झाली होती."

"बाई, या आवारात औषध फक्त माणसांवर मारतात."

बायका हसल्या. मामा वाकून बघत राहिले. पानं फक्त खालची बिघडली होती, फक्त वाटेच्या बाजूची. रोग इतका शिस्तीचा नसतो.

ते फाटकावर वॉचमनकडे गेले. "गुरुवारी मी नसताना वाफ्याशी कोण येतं रे?"

"कोण येणार? मामीच की. पाणी मारायला."

"पाणी?"

"पाठीवर पंप घेऊन."

मामी त्याच इस्पितळात आया होत्या. बायकांच्या वॉर्डात चादरींच्या घड्या घालत होत्या.

"गुरुवारी वाफ्यावर काय मारतेस?"

मामींनी चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. मामांनी सवयीने धरली.

"तणनाशक," मामी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली. पहिले दोन महिने पंप गळायचा, ते धरू नका."

"अगं, पण मी तर रोज तण काढतो."

"दहा-बारा रोपं ठेवायचे ना मी. सगळंच गेलं असतं तर तुम्ही दिवसभर माझं डोकं खाल्लं असतं. कमी पडली की मागच्या कंपाउंडातून आणून लावायचे. बोटाने भोक पाडून."

"लावायचीस?"

"तुमच्या विरंगुळ्याला." मामींनी चादर झटकली. "झोपताना गुडघ्याला तेल मी चोळायचं, कण्हणं मी ऐकायचं, आणि सकाळी तुम्ही परत जाऊन मातीत फतकल मारायची. मग मी काय करणार होते?"

घडी पूर्ण झाली, तरी मामांनी टोकं सोडली नाहीत. सात वर्षं जेवताना ते आज कुठलं तण कसं काढलं ते सांगत आले होते. समोर बसून ही बाई "हो का?" म्हणत आली होती.

"दुसऱ्या कुणी फसवलं असतं, तर तुलाच येऊन सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता कुणाला सांगू?"

मामींनी चादर त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

मामा वाफ्यापाशी परतले. बायका अजून ताटकळत होत्या.

"या वाफ्याचं लिहिलंय ते खोडा."

"सगळं?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. त्यांची दोन पानं भरली होती.

"पाणी मी घालत होतो. तेवढं ठेवा."

मागच्या कंपाउंडाकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. तिथे लव्हाळा गुडघाभर उभा होता. मामांनी गोणपाट अंथरलं, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.

ड्यूटी संपल्यावर मामी दोघांच्या पिशव्या घेऊन आल्या. "अहो, बस चुकेल."

"तू हो पुढे."

मामींनी पिशव्या भिंतीवर ठेवल्या, बाह्या वर सारल्या आणि गोणपाटाच्या मोकळ्या टोकावर बसायला वाकल्या. मामांनी ते टोक दुमडून आपल्या गुडघ्याखाली घेतलं.

मामी उभ्याच राहिल्या. मामा कोपरापर्यंत हात मातीत घालून गाठ चाचपत होते.