मुद्देमाल क्रमांक एकशे बारा

मी एक जुना मोबाइल आहे. काच कोपऱ्यात तडकलेली, पाठीवर पोलिसांची चिठ्ठी डकवलेली. मित्रांनो, माझी हकीकत गोड नाही, तरी ऐका.

शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या एका बाईने मला चार वर्षं वापरलं आणि मग लेकीला दिलं. लेक पंधरा वर्षांची, गणितात हुशार. "घरात तूच काय तो शहाणा," असं ती मला म्हणे, आणि मी फुशारून जाई.

वर्गातला एक मुलगा तिला आवडू लागला. रोज मधल्या सुट्टीत त्याचं एकच टुमणं, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" शेवटी तिने स्वतःचा, कुणाला दाखवू नये असा, एक फोटो काढून त्याला पाठवला. चार दिवसांत तो फोटो वर्गभर फिरला. ती जेवेना, शाळेत जाईना. आईने कामावर खाडा केला आणि आम्हा दोघांना पोलीस ठाण्यात नेलं.

फौजदाराने विचारलं, "फोटो कोणी काढला?"

"मीच."

"पाठवला कोणी?"

"मीच. पण त्याने..."

"विचारलं तेवढंच सांग."

आई म्हणाली, "साहेब, आम्ही तक्रार द्यायला आलोय."

"तेच लिहून घेतोय, बाई. अल्पवयीन मुलीचा असा फोटो काढणं गुन्हा, पाठवणं गुन्हा. मुलीने स्वतःचाच काढला तर माफ, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही."

मुलाच्या बापाने त्याच दिवशी वकील गाठला. मुलाचा फोन 'हरवला'. त्याची टुमणी तोंडी होती, फोटो पुढे कोणी धाडला ते मला ठाऊक नव्हतं. तिचं मात्र सगळं माझ्या पोटात तारीखवार होतं. खटला तिच्यावरही उभा राहिला, आणि साक्ष दिली ती मीच, तिच्याच विरुद्ध.

न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. "माझे हात बांधलेले आहेत," म्हणाल्या, आणि त्याच हातांनी सही केली. मुलगा पुराव्याअभावी सुटला. मुलीवर दोन वर्षं सरकारी देखरेख आली, शाळेने तिचं नाव पटावरून काढून टाकलं.

परवा आई मला परत मागायला ठाण्यात आली होती. "नवरा गेला माझा. त्याचा आवाज तेवढा यातच आहे," ती म्हणाली. कारकुनाने वहीतून मान वर केली नाही. "मुद्देमाल नष्ट करायचा हुकूम आहे, ताई."

उद्या माझ्यावर हातोडा पडेल. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी फौजदार, कुणी न्यायाधीश व्हाल, कायदेही लिहाल. तेव्हा एखादं पोर रडत दारात आलं, तर "कोणी केलं?" हे मागाहून विचारा. आधी त्याला बसायला खुर्ची द्या. तिला त्या दिवशी कुणी "बस" म्हणालं नव्हतं.