झाकली मूठ

माझ्या सासऱ्यांना सगळा कारखाना 'दणका' म्हणायचा. लोखंड तापवून ठोकायच्या विभागात ते मोठा घण चालवायचे. मिस्त्री लालभडक लोखंड ऐरणीवर धरायचा आणि हे वरून घण सोडायचे. तिथे आवाज एवढा, की बोलून उपयोग नाही. मिस्त्रीने उघडा तळवा पुढे केला की मारायचं, मूठ वळली की थांबायचं. निवृत्तीच्या दिवशी मिस्त्री त्यांना घरी पोचवायला आले तेव्हा दोघांनी आम्हाला हे करून दाखवलं. तळवा दिसला की सासरे टेबलावर बुक्की हाणायचे, मूठ दिसली की हात हवेतच. कप नाचत होते, आम्ही हसत होतो. सासूबाई तेवढ्या आत चहा गाळत होत्या.

"आपल्या मनाने एकदाही मारलं नाही यांनी," मिस्त्री म्हणाले. "सोन्यासारखा माणूस. फक्त ऐकू येत नाही, तेवढं सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! जसं काही काचेचं भांडं ठेवायला दिलंय.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. आमच्याकडे रिकामा दणका. आधी त्यांनी घरातले सैल खिळे ठोकले. ते संपल्यावर घट्ट होते ते ठोकले. मग कडी लागत नाही म्हणून दाराला लाथ घातली, दार बिजागरीसकट निखळलं. नळ आवळता आवळता तुटला, तर त्या रागात खालचं बेसिन फोडलं. हातचं राखून काही करणं ठाऊकच नाही. आमचे हे ट्रक घेऊन बाहेरगावी, फोनवर म्हणायचे, "बाबांना जरा वेळ दे." दिला. त्या वेळात खुर्च्या गेल्या, आरसा गेला, पंखा गेला.

सासूबाई बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायच्या. दिवसभर ते घर त्यांचं होतं. मशीन खिडकीपाशी, त्या शिवायच्या, मी काज-बटणं करायची. मध्येच गाणं, मध्येच शेजारणीची नक्कल. सासरे घरी बसले आणि गाणं बंद झालं. खरं तर त्यांना गाणं ऐकू येतच नव्हतं. पण मशीनची थरथर फरशीतून त्यांच्या तळपायांना कळायची. आतल्या खोलीत कॉटवर पाय सोडून बसलेले असायचे, आणि मशीन सुरू झालं की ताडकन उठायचे.

"बंद कर ते!"

सासूबाई बंद करायच्या नाहीत. एकदा सासऱ्यांनी सुईखालचं कापड ओढून टराटरा फाडलं. एकदा सासूबाईंना केसाला धरून स्टुलावरून खाली खेचलं. मी मध्ये पडले, तर माझ्या कानाखाली जाळ काढला. मग भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडले. मला दया आली नाही. आजही येत नाही.

"आई, चार दिवस तुमच्या भावाकडे जाऊ या," मी म्हणाले.

"मी का जाऊ? मशीन माझं, माझ्या कष्टाने घेतलेलं. निवृत्त हे झालेत, मी नाही."

एका दुपारी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता आणि मशीन थांबत नव्हतं. सासरे दारात आले. हातात हातोडा होता.

"माझं बंद झालं!" बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात ते ओरडले. "माझं बंद झालं आणि हिचं चालूच! दिवसभर चालूच!"

पहिला घाव मशीनच्या चाकावर बसला. चाक तुटून भिंतीवर आपटलं. दुसऱ्या घावाने फळी फुटली, रिळं घरभर पळाली. तिसऱ्यासाठी हात वर गेला आणि सासूबाई मशीनवर वाकल्या. "थांबा!" म्हणत त्यांनी मशीनच्या डोक्यावर उजवा तळवा धरला. कुणीही धरेल तसा. पाची बोटं ताठ.

सासऱ्यांची नजर त्या तळव्यावर गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग पुसल्यासारखा गेला. ते शांत झाले. कामावरच्या माणसासारखे, अगदी लक्ष देऊन उभे राहिले.

"आई, मूठ!" मी किंचाळले. "मूठ करा, मूठ!"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, काय म्हणतेय ही, अशा नजरेने. जिला ऐकू आलं तिला कळलं नाही, आणि ज्याला कळलं असतं तो बहिरा.

घाव बसला. हाडं मोडल्याचा आवाज मला आला, सासऱ्यांना आला नाही. त्यांनी हातोडा पुन्हा वर उचलला आणि पुढच्या इशाऱ्यासाठी तिकडेच पाहत राहिले. सासूबाईंची बोटं वेदनेने आक्रसली, आत वळली. रक्ताळलेली मूठ झाली. सासरे हातोडा हवेत धरून थांबले.

दवाखान्यात जाताना सासूबाई कण्हत म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची गं. मशीन हातावर पडलं म्हणून सांग."

मी डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. सव्वा लाख गेले खड्ड्यात. पण त्यांनी विचारल्यावर सासूबाईंनीच मान हलवली, म्हणाल्या, "सून घाबरलीय. मशीनच पडलं." शेजारणींना माझ्याकडून खरं कळलं, तर त्या म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण केलं तुझ्या सासूने. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

ह्यांनी येऊन हातोडे, पाने, सगळं उचलून नेलं. बाबांनाही नेतो म्हणाले, पण सासूबाई "नको" एवढंच बोलल्या. हाडं जुळली; बोटं उघडली नाहीत. ती मूठ तशीच राहिली, कायमची. मशीन दुरुस्त झालं. आता शिवते मी, आणि त्या शेजारी बसून सांगतात, मूठ मांडीवर ठेवून.

सासरे रोज उंबऱ्यात येऊन बसतात. आवाज खाली गेलाय.

"मी चालवतो ना मशीन," म्हणतात. "तू हात दाखवशील तेव्हाच. एकदा दाखव."

सासूबाई मूठ वर करतात. सासरे उठता उठता पुन्हा खाली बसतात.

परवा मूठ वर धरूनच त्या माझ्याशी बोलल्या. सासऱ्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी हळूच बोलल्या.

"हात उघडता आला असता ना, तरी उघडला नसता."

मग म्हणाल्या, "चालव गं तू." मी मशीनचं पायडल दाबलं. उंबऱ्यात बसलेल्या सासऱ्यांनी पाय फरशीवरून उचलून वर घेतले.