तोंड बंद

लातूरच्या डॉक्टरनं गुंडप्पाला साफ सांगितलं होतं, "भावाला लिव्हरचा तुकडा द्यायचा, तर आधी तुमच्या लिव्हरवरची चरबी उतरवा. तीन महिन्यांत. रोज पाऊण तास झपाझप चालायचं, आन् तोंड बंद."

थोरला भाऊ, अमरनाथअण्णा, दिवसेंदिवस पिवळा पडत होता. दुसऱ्या कोणाचं लिव्हर जुळत नव्हतं. उदगीरच्या आडतीत तीस वर्षं गादीवर बसलेला गुंडप्पा चालू लागला. बुटानं टाच सोलली म्हणून अनवाणी, घाम पुसायला खांद्यावर टॉवेल, आन् ओठ घट्ट मिटलेले. चालून झालं की कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन प्लेट भजी. कष्टानं भूक लागतीच.

दोन महिने तो रानाच्या वाटेनं गेला. तिथं कुत्री मागं लागली, म्हणून त्या सकाळी बाजारातून निघाला.

शटर उघडताना अजीज टेलरनं त्याला बघितलं. अनवाणी, टॉवेल, खाली मान, मयतीला निघाल्यासारखा.

"शेठ, कोणाच्या मातीला?"

गुंडप्पा बोलला न्हाई.

"अण्णा तर न्हाई ना?"

अण्णाचं नाव निघालं आन् गुंडप्पाचे डोळे भरले. अजीजनं शटर खाली ओढलं, टोपी नीट केली, मागं निघाला. पुढं वीरण्णा किराणावाला आला. मग हमाल. गुंडप्पानं हातानं 'जा, जा' केलं, तर लोकांना वाटलं, दुःखानं येडा झालाय. तो पळाल्यासारखा चालला. लोकही तसेच.

घरापर्यंत पन्नास जण झाले. ओट्यावर अण्णा मोसंबी सोलत बसले होते.

"कोणाची माती हाय?"

वीरण्णानं हातातला हार पाठीमागं नेला. अजीज खाली बघत म्हणाला, "तुमचीच, अण्णा."

आता गुंडप्पानं तोंड उघडलं. "डॉक्टरनंच सांगितलंय, चालताना तोंड बंद."

"बाबा," अण्णा म्हणाले, "ते खायचं तोंड."

कोणी हसलं न्हाई. दोन महिन्यांची भजी गुंडप्पाच्या डोळ्यांपुढून गेली. महिनाच उरला होता.

अण्णांनी मोसंबीची फोड हातातच धरली. "अजीजभाई, माझ्या मातीला आलाव तसं महिनाभर रोज या. ह्याला गाड्यापाशी थांबू देऊ नका. मग मी गेलो तरी कोणावर बोल न्हाई."

दुसऱ्या सकाळी वीसेक जण मागं होते. गाड्यापाशी गुंडप्पाचा पाय जड झाला.

"शेठ," मागून अजीज हळूच म्हणाला, "अण्णा."

पाय उचलला. एवढी माणसं मुक्यानं चाललेली बघून भजेवाल्यानं गॅस बंद केला आन् हात जोडून उभा राहिला.