फ्यूजवरचा चंदेरी कागद

हो, मीच बोलतेय. बारच्या तळघरात बटाट्याच्या पोत्यांमागे ढकलून दिलेली, पोलादी गोळी उडवत खेळायची पिनबॉलची मशीन. नाव वादळराणी. समोरच्या उभ्या काचेवर हातात वीज धरलेली बाई रंगवलीय ना, तीच मी. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय आणि त्याला तसंच कारण आहे.

माझा जन्म याच शहरातला, शिकागोतला. कारखान्यातल्या बायकांनी माझ्या पोटातली एकेक तार रंग जुळवून हाताने बांधली, कथलाचे डाग देऊन जोडली. तोंडाने अखंड गप्पा चालायच्या, पण हात कधी चुकला नाही. तिथून मी थेट मिलवॉकी अव्हेन्यूवर, व्रुबेलांच्या बारमध्ये आले.

म्हातारा व्रुबेल गेला आणि बार दोघा मुलांकडे आला. थोरला रोमन, धाकटा लेशेक. आई वरच्या मजल्यावर राहते. लेशेक फार छान खेळायचा. कडेला तळवे टेकवून हळूच ढकलायचा, पोलादी गोळी जरा वळेल इतकंच. बाकीचे मेले लाथा घालायचे. हरले की मशीन चोर, जिंकले की यांचा हात भारी. काचेवर ग्लास ठेवू नका अशी पाटी लावली होती, तर नेमका त्या पाटीवरच ग्लास ठेवायचे.

आता त्या शुक्रवारचं ऐका. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. शुक्रवारी मटण बंद, त्यामुळे अख्खी वस्ती तळलेला मासा खायला आमच्याकडे लोटलेली. खेळायला रांग लागली होती आणि माझा फ्यूज उडाला. उडणारच. गोळीला उडवून लावणाऱ्या खांबाचं बटण आत चिकटून बसलं होतं. त्यामुळे त्याची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, बंद होत नव्हती, तापत चालली होती. असं काही झालं की फ्यूजने आधी मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं, एवढंच त्याचं काम. त्याने ते केलं.

रोमनने दुसरा फ्यूज घातला, तोही उडाला. तिसरा नव्हता. मग या शहाण्याने काय करावं? सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला, मेलेल्या फ्यूजला गुंडाळला आणि परत बसवला. या वस्तीतले सगळे बारवाले हेच करतात आणि वर स्वतःला हुशार समजतात. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आत मात्र आता मला वाचवणारं कुणी उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने लेशेक खेळायला आला. मागून कुणाचा तरी धक्का लागला, त्याच्या हातची बिअर माझ्यावर सांडली आणि त्याच सुमाराला माझ्यातून धूर निघाला. झालं. रोमन सगळ्यांदेखत ओरडला, "जाळलीस! बाबांची मशीन जाळलीस! चालता हो."

लेशेक निघून गेला आणि दुसऱ्यांच्या बारमध्ये चाकरीला लागला. मला इथे खाली आणून टाकलं. पुढे इतके ईस्टर गेले, पण दोघे भाऊ एका टेबलावर बसले नाहीत. यंदा आईने निरोप धाडला, ईस्टरच्या आदल्या दिवशी दोघं आलात तरच मी जेवीन. त्यावर रोमन काय म्हणाला असेल? "आधी त्याने माफी मागावी." मी हे खाली बसून ऐकलं आणि माझ्या उरल्यासुरल्या ताराही पेटतील की काय असं मला झालं.

आज ईस्टरचा आदला दिवस. मला विकायचं ठरलंय, पण जळकी कोण घेणार? म्हणून इवेलिस आलीय. पोर्तो रिकोकडची, अशा जुन्या मशीनी दुरुस्त करणारी बाई. तिने माझी काच काढली, फळी उचलली आणि आधी नुसता वास घेतला.

"बिअरने गेलीय," रोमन म्हणाला. "भावाने सांडली."

"बघते ना. तुम्ही जरा उजेड धरा."

तिने बोट फिरवलं. बिअरचा चिकट तपकिरी ओघळ माझ्या पुढच्या बाजूला, पैसे टाकायच्या दाराशी वाळून बसला होता. जळलेली कॉइल होती वर, मागच्या अंगाला. वीज तपासायचा मीटर लावला तर कॉइल आतून वितळून एक झालेली. शेजारच्या तारांची कातडी गळून पडलेली.

"रोमनकाका, मशीन पुढे उतरती असते. बिअर चढावर कशी गेली?"

मग तिने फ्यूजच्या जागी हात घातला आणि ते काळवंडलेलं चंदेरी लेणं, कागद गुंडाळलेला तो फ्यूज, बाहेर काढलं. "हे कुणी केलं?"

"पोरी, तू मशीन दुरुस्त कर. बाकीचं तुला काय करायचंय?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लेशेक. हातात चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडून आणलेली ईस्टरच्या जेवणाची टोपली, तिच्यात अंडी, सॉसेज, ब्रेड. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "दादा, चूक माझीच होती. माफ कर."

आणि रोमनने काय केलं? आत्ता सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या त्या माणसाने लेशेकचा खांदा थोपटला. "जाऊ दे. झालं गेलं."

माझ्यात वीज असती ना, तर मी तिथल्या तिथे त्याला झटका दिला असता. इवेलिसने तो फ्यूज लेशेकच्या टोपलीशेजारी ठेवला आणि हात पुसत उभी राहिली.

लेशेकने तो उचलला. "अजून आतच होता होय? तू बसवत होतास तेव्हा मी शेजारीच मासे वाढत होतो, दादा."

रोमनचं तोंड उतरलं. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस? आणि आता आई थकलीय. मला तिच्याबरोबर जेवायचंय. त्यासाठी माफी मागावी लागली, तर मागितली."

तो टोपली घेऊन वर गेला. मला त्याचाही राग आला, खरं सांगते. इतकं कुणी सोसतं का?

रोमन तो फ्यूज मुठीत धरून इथेच उभा आहे. वरून ताटं मांडल्याचा आवाज येतोय. आई विचारतेय, थोरला कुठे राहिला? अरे, जा की वर. तिच्यासमोर, धाकट्यासमोर मूठ उघड आणि सांग मशीन कुणी जाळली ते. मला वीक, मोड, भंगारात घाल. पण मी जळून इतकी वर्षं गप्प बसले, तुला एकदा खरं बोलायला काय होतंय?