काळ्या हातांच्या बायका

"दिसलं! पाप दिसलं! हालेलूया!"

चर्चच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. परातीतल्या पिवळसर पाण्यातून तोआकासेनं हात बाहेर काढले, तर काय, बोटांपासून मनगटापर्यंत निळेकाळे! बाई मटकन खालीच बसली.

पाणी म्हणे बायबलातल्या पवित्र यार्देन नदीचं. ते घेऊन आलेले बंधू इसिकेली सोमवारपासून आमच्या बेटावर मुक्कामाला होते. कोट पांढराशुभ्र, आणि आवाज असा की झाडावरचे नारळ पडावेत. आधी पुरुषांनी हात बुडवले. दिवसभर सावलीत बसून आलेले सगळे, हात स्वच्छच राहिले. मग बायका एकेक करून येऊ लागल्या, आणि आलेल्या सगळ्यांचे हात काळे!

"हव्वेच्या लेकी!" बंधू गरजले. "पण घाबरू नका. ही दुसरी परात कृपेची!"

त्यांनी तोआकासेची करंगळी दुसऱ्या परातीत बुडवली. काळेपणा क्षणात गायब. गाव चेकाळलं.

"उरलेल्या नऊ बोटांसाठी," बंधू हळूच म्हणाले, "तुझ्याकडची सगळ्यात लाडकी वस्तू अर्पण कर."

लाडकी वस्तू कोणती, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शनिवारी तिच्या लेकीचं, फुसिपालाचं लग्न. त्यासाठी वर्षभर झाडाच्या साली कुटून बनवलेलं लांबलचक सालकापड. विहीणबाई कालिसी पुढेच बसल्या होत्या. त्या उठल्या नि म्हणाल्या, "आधी हात धुऊन घ्या. असल्या हातांच्या घरची सून मला नको." फुसिपालाचा चेहरा पांढराफटक पडला.

आता माझं डोकं फिरलं. मी लुसिआने, गावची नर्स. स्वभावानं खवचट, असं माझा नवरा सांगतो. पाप-बिप मला काही दिसलं नाही, पण वास आला. जखमेला लावतो त्या आयोडिनचा! आणि हेच बंधू मंगळवारी हिरड्या दुखतात म्हणून माझ्याकडून व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची अख्खी बाटली घेऊन गेले होते.

"बंधू, हे पाप नेमकं कसलं हो?"

"आदामापासून रक्तात आलेलं, बाई!"

"मग पुरुषांच्या रक्तात कसं नाही?"

"ते... ते विश्वासात बळकट!"

"माझा नवरा? अहो, तो प्रवचनात घोरतो!"

हशा पिकला. नवरा खाली बघायला लागला.

"आणि कृपा फुकट असते ना? मग कापड कशाला?"

बंधूंनी मोठ्यानं हालेलूयाच सुरू केलं. हरकत नाही म्हटलं. बायका सकाळपासून त्याच कापडाच्या शेवटच्या सालीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत होत्या, कसावाच्या अर्धवट उकडलेल्या कंदाच्या चिकट गोळ्यानं. चिकटवायचं नि नारळाच्या काथ्याला हात पुसायचे. साबण लागतो तो संध्याकाळी. तसलाच एक गोळा मी पाठीमागे हातात चोळला आणि गळा काढला, "बंधू, चुकलं हो माझं!" त्यांचे दोन्ही हात धरून मी चांगले खसाखसा दाबले.

"आता तुमचे पवित्र हात दाखवा ना सगळ्यांना!"

"दाखवा! दाखवा!" गाव ओरडलं.

बंधूंनी तोऱ्यात पहिल्या परातीत हात बुडवले. बाहेर आले ते काळेकुट्ट!

मग काय विचारता! लोक पोट धरधरून हसले. मी ओरडून सांगितलं, "आयोडिनला कसावाचं पीठ लागलं की निळंकाळं होतं. व्हिटॅमिन सीनं रंग जातो. हे बघा!" मी स्वतःची चिकट बोटंही त्याच परातीत बुडवून काळी केली आणि त्यांवर अंगणातल्या झाडाची लिंबं पिळली, लिंबातही तेच व्हिटॅमिन; बोटं साफ झाली. "यार्देन नदी माझ्या औषधांच्या कपाटात आहे!"

माणूस चुकतो, हे मलाही मान्य आहे. चुकलं तर ज्याला दुखावलं त्याच्याकडे जावं, माफी मागावी, नुकसान भरून द्यावं. पण तुम्हाला पापी ठरवून लगेच उपायही विकायला काढणारा भेटला, तर आधी त्याची परात हुंगून बघा.

कालिसींची पाळी अजून आलीच नव्हती. सकाळी हौसेनं त्यांनीही दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या पुढे आल्या, पहिल्या परातीत हात बुडवले आणि काळे पंजे तोआकासेपुढे धरले.

"विहीणबाई, माझं चुकलं. शनिवारी कापडाचं एक टोक मी धरीन. धरू द्याल ना?"

तोआकासे हसत होती की रडत होती, कळेना. मी तिच्यापुढे लिंबू धरलं.

"राहू दे गं," ती म्हणाली, "वर्षभर राबलेत हे हात. बघू दे सगळ्यांना."