चिमटेबाबांची साक्ष

शेषराव जिनवाल्यांनी चिमटेबाबाला आणला, त्यामागे त्यांचा हिशेब अगदी चोख होता. जमुनाच्या बाजूने निकाल लागला तर अठराशे रुपये भरपाई, वर फॅक्टरी इन्स्पेक्टरचा खटला, आणि वर बाजारात नाव खराब. बाबाला आणला तर दोन-तीन अमावस्यांची दक्षिणा, एक शाल आणि जमलेल्या लोकांत वाटायला गूळ-फुटाणे. भूत फारच स्वस्त पडत होतं. शिवाय भुताला बोनस द्यावा लागत नाही आणि ते युनियनमध्ये जात नाही.

अकोल्याच्या लोकांना हा हिशेब कोणी दाखवला नव्हता. त्यांना फक्त चमत्कार दाखवला होता. पौषाच्या अमावस्येला दिवस कलायच्या सुमारास शेषरावांच्या जिनच्या, म्हणजे कपाशीतली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कपाशीच्या गाड्या घेऊन आलेले गाडीवान बैल सोडून आत घुसले होते. जुन्या शहरातली माणसं मोर्णा नदी ओलांडून बायकापोरांसह आली होती. कॉलेजातली चार पोरं ‘आम्ही नुसतं पाहायला आलो’ असं सगळ्यांना सांगत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी होती. आणि कपाशीच्या ढिगाला टेकून, काळ्या कोटावर रुईचे पांढरे तंतू झेलत, खुशालराव वकील उभे होते.

खुशालराव चमत्कार पाहायला सहसा जात नसत. कोर्टात रोज खोटं फुकट ऐकायला मिळत असताना त्यासाठी पायपीट कशाला, असं ते म्हणत. पण त्या दिवशी सकाळी जमुना त्यांच्या बैठकीत आली होती आणि उंबऱ्यातूनच म्हणाली होती, की वकीलसाहेब, माझी केस मागे घ्या.

जमुनाचा नवरा पुंजाराम याच जिनमध्ये कामाला होता, हंगामात तीही असे. दिवाळीनंतर, हंगाम ऐन भरात असताना, सात नंबरचं मशीन अडकलं म्हणून त्याने ते बंद केलं आणि रुळात गुंतलेली कपाशी काढायला हात घातला. बंद केलेलं मशीन अचानक चालू झालं. आधी बाही गेली, मग हात गेला, आणि दवाखान्यात पोचण्याआधी पुंजाराम गेला. खुशालरावांनी कामगार भरपाईच्या कायद्याखाली अर्ज लावला. शेषरावांनी कमिशनरपुढे लेखी उत्तर दिलं, ते असं: बंद मशीन आपोआप फिरत नसतं. सबब, मयताने सुट्टी झाल्यावर रुई चोरण्याच्या इराद्याने ते स्वतःच चालू केलं असलं पाहिजे. मेला तो कामावर मेला नाही, चोरीवर मेला.

हे लेखी उत्तर खुशालरावांना पाठ होतं. म्हणून तर समोर जे चाललं होतं ते पाहून त्यांना आधी राग आला, आणि मग गोड वाटायला लागलं.

बाबा सात नंबरपुढे मृगाजिनावर बसला होता. हातात हातभर लांब लोखंडी चिमटा, गळ्यात ओंजळभर मणी, आणि तोंडात गिरनार. गिरनारच्या गुफेत बारा वर्षं, बारा वर्षं फक्त बेलाच्या पानावर, बाराव्या वर्षी वाघ येऊन पायाशी बसला. बेलाच्या पानांवर इतकं पोट कसं सुटतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. या मशीनखाली जुनं खवीस दडलेलं आहे, त्याला दर काही वर्षांनी माणूस लागतो, मालकाचा यात काडीचा दोष नाही, असं बाबाने आधी सांगून टाकलं. मग म्हणाला, “इंजिन चालू ठेवा. खविसाले आवाज लागते.”

भुतालाही इंजिन लागतं ही माहिती खुशालरावांना नवीन होती.

मशीन बंद होतं, हे शेषरावांच्या दिवाणजींनी चार जणांना पुढे बोलावून दाखवलं. इंजिन धडधडत होतं, छतालगतचा लांब शाफ्ट गरगरत होता, त्यावरून खाली आलेल्या पट्ट्यांनी बाकीची मशीनं चालली होती, सात नंबर तेवढं गप्प. धूप पेटला. आरती सुरू झाली. बाबाने डोळे मिटले. निदान लोकांना तसं वाटलं. खुशालरावांना मात्र त्याच्या डाव्या पापणीखालून एक बारीक फट दिसत होती, आणि त्या फटीतून बाबा देवाकडे नाही, वरच्या पट्ट्याकडे पाहत होता. पट्टा जागचा हलेना तशी आरती लांबत गेली. एक संपली, दुसरी सुरू झाली, तिचं शेवटचं कडवं तीनदा झालं. आणि एकदम सात नंबर खडखडलं आणि फिरायला लागलं. हात नाही, बोट नाही.

बायका ओरडल्या. एक गाडीवान जमिनीवर आडवाच झाला. कॉलेजातली पोरं आता सगळ्यांच्या मागे होती.

खवीस बाबाच्या तोंडून बोललं. म्हणालं, मालकानं माझी पूजा घातली, मी मालकावर खूश आहे. त्या बाईनं मालकाची साडी-चोळी आणि दीडशे रुपये घ्यावेत आणि देवापुढे कागदावर अंगठा उठवावा. जो कोणी या गोष्टीसाठी कोर्टाची पायरी चढेल, साक्षीला जाईल, त्याच्या घरी मी जाईन. आणि मग, अगदी सावकाश, खविसानं नाव घेतलं: शालू.

शालू ही जमुनाची पोर. पाच वर्षांची.

बाबा उठला, चिमटा परजत मशीनच्या बगलेला गेला, तीनदा ओवाळला, चौथ्यांदा ‘शांत हो’ म्हणत कुठेतरी टेकवला, आणि मशीन थांबलं. लोकांनी जयजयकार केला. खुशालरावांनी मात्र एक वेगळीच गोष्ट पाहिली. अंगात खवीस आलेला हा माणूस पट्ट्याजवळ जाण्याआधी क्षणभर थांबला होता, आणि नव्या शालीचं लोंबतं टोक त्याने कमरेला घट्ट खोचून घेतलं होतं.

परत जाताना पुलावर जमुना भेटली. ती आवारात आलीच नव्हती. बाहेर उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

“आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली जी,” ती म्हणाली. “देव सोडले, भूत सोडलं. शालूचा बाप तं लिंबू पायानं उडवे. पण त्यानं माह्या पोरीचं नाव घेतलं. माह्यापाशी एकच हाये.”

खुशालरावांनी तिला भित्री म्हटलं नाही. पोरीचं नाव भुताला कोणी पुरवलं असेल, एवढंच विचारलं. जमुनाने आठवून पाहिलं. मग म्हणाली की दिवाणजी मयतीला आले होते, तेव्हा शालूला मांडीवर घेऊन त्यांनी तिचं नाव विचारलं होतं.

“मग खविसाचा खबऱ्या सापडला,” खुशालराव म्हणाले.

चालता चालता त्यांनी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. नवरा कामावर मेला की भरपाईच्या कायद्यात मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, कामावर मेला एवढं पुरतं. मेलेल्या माणसाने हुकूम मोडला होता, दारू प्याला होता, ही सबबही तिथे चालत नाही. म्हणून तर त्यांनी चोरी शोधून काढली. मालकाची हयगय दाखवून दिवाणी कोर्टात नुकसानीचा दावाही लावता येतो, पण दोन्ही दारांतून जाता येत नाही, एक निवडावं लागतं. आणि दिवाणी दाव्याच्या निकालापर्यंत शालूचं लग्न होऊन जाईल. इन्स्पेक्टरचा खटला वेगळा, तो सरकार चालवतं, तुला पैसा पडत नाही. भरपाई कमिशनरकडे जमा झाली तरच ती भरपाई. मालकाने हातात कोंबलेल्या दीडशे रुपयांनी आणि अंगठ्याने तुझा हक्क बुडत नाही. पण एकदा तू अर्ज मागे घेतलास आणि मुदत टळली, की मग बसा रडत.

“आन् साक्षीले कोन येईल? समदे भ्याले.”

“साक्षीदार मिळाला,” खुशालराव म्हणाले. “तू फक्त तारखेपर्यंत अंगठा मुठीत ठेव.”

यानंतर खुशालरावांनी जे केलं त्याने त्यांचे मित्रही चक्रावले. वकिलांच्या बाररूममध्ये, पानाच्या ठेल्यावर, जिथे तिथे ते चमत्काराची वाहवा करत सुटले. पुढच्या अमावस्येला गर्दी दुप्पट झाली. बाबाची छाती आणि दक्षिणा दोन्ही फुगली. फॅक्टरी इन्स्पेक्टर, दोन मास्तर आणि एक पेन्शनर तहसीलदार यांना खुशालरावांनी स्वतः आग्रहाने नेऊन पुढे बसवलं. शेषरावांना वाटलं, वकीलसुद्धा भ्यायला.

तारखेला शेषरावांनी कमिशनरपुढे शपथेवर सांगितलं की बंद मशीन आपोआप फिरत नाही, मयतानेच ते फिरवलं. मग खुशालरावांनी आपला साक्षीदार पुकारला. चिमटेबाबा शाल पांघरून, समन्स म्हणजे सत्कार आहे अशा थाटात पिंजऱ्यात उभा राहिला.

“महाराज, सात नंबरचं मशीन बंद असताना फिरलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?”

“मीच नाई, साऱ्या अकोल्यानं पाह्यलं.”

“कोणी हात लावला होता?”

“कोनाची टाप हाये हात लावाची!”

“म्हणजे बंद केलेलं मशीन, माणसाचा हात न लागता, आपोआप चालू होतं.”

“होते ना. खवीस करते.”

“खविसाला आपण नंतर बोलावू. चालू होतं, एवढं पुरे.”

शेषरावांच्या वकिलाने उभं राहून हरकत घेतली, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. मागून शेषराव बाबाला खुणा करत होते, की हातचलाखी होती म्हण. बाबाला खुणा दिसल्या. पण मागच्या बाकांवर त्याचे भक्तही बसले होते. हातचलाखी म्हणावं तर जन्माची कमाई जाते, चमत्कार म्हणावं तर मालकाची केस जाते. बाबाने आपली कमाई राखली. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “गिरनारची आन हाये. मशीन आपोआप फिरते.”

“गिरनारच्या गुफेत पट्टे असतात काय हो?” खुशालरावांनी सहज विचारलं. “नाही, अंगात आल्यावरही तुम्ही शाल खोचून मग पट्ट्याजवळ जाता. जिनमध्ये काम केलेला माणूसच असं खोचतो. या जमुनाबाईही पदर तसाच खोचतात.”

मागच्या बाकावरून चांदूर रेल्वे गावचा एक व्यापारी मोठ्याने म्हणाला, की याला मी तिथल्या जिनमध्ये शाफ्टला तेल घालताना पाहिलंय. लोक हसले. कमिशनरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि शेषरावांकडे वळून शांतपणे विचारलं, “तुमच्या जबाबात बंद मशीन फिरत नाही. तुमच्या जिनमध्ये ते दर अमावस्येला फिरतं. यातलं कोणतं लिहून घेऊ?”



कमिशनर दुसऱ्याच दिवशी जिनवर आले, इन्स्पेक्टरला आणि बाबाला घेऊन. भुताचा निकाल लागणार म्हणून गावही आलं. इन्स्पेक्टरने लोकांना वर बोट करून दाखवलं: प्रत्येक मशीनला दोन पुल्या, म्हणजे पट्ट्याची चाकं, शेजारी शेजारी. एक मशीनला पक्की जोडलेली, दुसरी नुसतीच फिरणारी. पट्टा नुसत्या फिरणाऱ्या पुलीवर सरकवला की मशीन बंद. तो एका दांडीने सरकवायचा आणि दांडीला खिट्टी लावायची, म्हणजे इंजिनच्या हादऱ्याने पट्टा परत सरकत नाही. सहा नंबरला खिट्टी होती, आठला होती. सातला खिट्टीचं भोक होतं. त्यात सुतळीचा एक काळपट तुकडा लोंबत होता. अडवायला काही नसल्यामुळे पट्टा हळूहळू सरके, तेवढा वेळ बाबा आरती ताणे, आणि शेवटी चिमट्याने दांडी मागे ढकलून भुताला शांत करी.

खुशालरावांनी सुताराकडून बाभळीची खिट्टी करून आणली होती. ती त्यांनी जमुनाच्या हातात दिली.

जमुना मशीनपुढे उभी राहिली. इथेच ते झालं होतं. शालू गर्दीत शेजारणीच्या कडेवर होती. जमुनाने एकदा तिच्याकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला, आणि खिट्टी भोकात ठोकली.

“करा आता आरती,” ती बाबाला म्हणाली.

कमिशनर समोर असल्यामुळे बाबाला नाही म्हणता येईना. एक आरती झाली. दुसरी झाली. बाबाचा घसा बसला. मशीन आपलं गप्प. मग जमुनाने स्वतःच्या हाताने खिट्टी काढली आणि मागे सरली. कोणी आरती म्हटली नाही, कोणी धूप जाळला नाही. पट्टा बोटाबोटाने सरकला आणि सात नंबर खडखडत फिरायला लागलं.

जमुनाने हातातल्या खिट्टीकडे पाहिलं.

“शालूचा बाप मले सांगे,” ती म्हणाली. “सुतळी तुटते, खिट्टी द्या म्हनून दिवाणजीले सांगून राहिलो. हंगाम झाल्यावर पाहू म्हनत.”

आवारात कोणी हसलं नाही. खिट्टीची मागणी ऐकलेले कामगार तिथे पुष्कळ होते. खविसाच्या भीतीने मिटलेली तोंडं तिथेच, कमिशनरांसमोर, एकेक करून उघडली.

मशीन आपोआप चालू झालं तर भगताला नाही, फिटरला बोलवावं, आणि तोवर हात आत घालू नये. माणूस मेला तर आधी विचारावं, की कोणाच्या हयगयीने मेला. देवाची इच्छा होती असं जो घाईघाईने सांगायला येतो, त्याच्या हातात अंगठ्याचा कागद आहे का ते पाहावं. दैवाच्या माथी मारलेला दोष नेहमी कोणाच्या तरी डोक्यावरून उतरवलेला असतो.

बाकी हिशेब असा झाला. शेषरावांनी अठराशे रुपये कमिशनरकडे भरले, पुढे इन्स्पेक्टरच्या खटल्यात दंडही भरला, आणि दोन्ही खर्च त्या सालच्या घसाऱ्यात बसतील का, हे मुनिमाला विचारलं. बाबाने शाल ठेवून घेतली, चिमटा जिनमध्येच विसरला आणि पॅसेंजरने निघून गेला. गावाने काही भरलं नाही, त्याला तर फुटाणे मिळाले होते. खिट्टीचे चार आणे सुताराने घेतले नाहीत.

ते पुंजारामने आधीच भरले होते.